लाल झाल्याचे पेढे

श्रेणिक लाल झाला त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले.

आणले होते भूपालकाकांनी. बोट क्लबचे कारभारी, माझ्या वडिलांचे, आप्पांचे, लहानपणापासूनचे दोस्त. दारातूनच ओरडत आले, "वहिनी, तोंड गोड करा! पोरगं लाल झालं!"

आई गोठ्यातून शेणाच्या हातानं बाहेर आली. "कोण लाल झालं?"

"कोण म्हंजे? तुमचा श्रेणिक! मळीवाडीच्या वळणापासनं देवळाच्या घाटापर्यंत धारेच्या उलट वल्हवलं पट्ठ्यानं. काठावर उतरून लघवीला बसला, तर चहाच्या रंगाची. समद्यांनी बघितली. घ्या, घ्या, पेढा घ्या."

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत आहे. कृष्णाकाठच्या आमच्या खोलवाडीत श्रावणात नदी भरली की होड्यांच्या शर्यती होतात. त्याच्या आधी महिनाभर पोरं सकाळ-संध्याकाळ वल्ही मारतात. मारता मारता अंग इतकं पिळवटतं की एखाद्या दिवशी एखाद्याला लघवी लालसर होते. शहाणा माणूस अशा वेळी दवाखान्यात जातो. आमच्या गावात क्लबातर्फे पेढे वाटतात आणि त्याच्या वल्ह्याला लाल रुमाल बांधतात. 'कस लागला' म्हणतात. ज्याला असं कधीच होत नाही तो कोरडा. कोरड्यानं कितीही जोर लावला तरी त्याला पुढचं वल्हं मिळत नाही. पुढचं वल्हं ज्याच्या हातात तो मोऱ्हक्या. बाकीची वल्ही त्याच्या तालावर पडतात.

श्रेणिक, माझा धाकटा भाऊ, तीन पावसाळे कोरडाच होता. क्लबात त्याच्यासारखा दंड कुणाचा नव्हता. पण पोरं त्याला येता-जाता विचारायची, "काय रे, अजून पिवळीच का?" आमचे आप्पा तरुणपणी मोऱ्हक्या होते आणि आता होडीचं सुकाणू धरायचे. मुलाला पुढं बसवणं त्यांच्या हातात होतं. बसवलं नाही. कोरड्याला पुढं बसवलं तर लोक शेण घालतील तोंडात, म्हणायचे. श्रेणिक ते ऐकून हसायचा, पण संध्याकाळी जेवताना भाकरी कुस्करत बसायचा. त्याला जगात दुसरं काही नको होतं. नोकरी नको, लग्न नको, फक्त पुढचं वल्हं हवं होतं. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

आईनं हात धुतले, पदराला पुसले, पेढा घेतला. खाल्ला नाही.

"चहाच्या रंगाची म्हंजे कसली, भाऊजी?" तिनं विचारलं. "दुधाच्या चहाची, का कोऱ्या?"

"आता त्यात रंग काय बघायचा, वहिनी?" भूपालकाका हसले आणि पुढच्या घरी गेले.

आईनं पेढा कोनाड्यात ठेवला. मुंग्या लागेपर्यंत तो तिथंच होता.

त्या वर्षी गावाला गंजाचं वेड लागलं होतं. त्याचं मूळ विभूते डॉक्टरांच्या भाषणात होतं. विभूते म्हणजे गावातले एकुलते एक डॉक्टर. भला माणूस, त्यांच्या हाताला गुण आहे असं म्हणत. क्लबाच्या ओसरीवर पोरांना बसवून त्यांनी सांगितलं होतं, "ज्या हवेवर आपण जगतो, तिच्यानंच लोखंड गंजतं. पावसात राहिलेला विळा बघितलाय न्हवं? तुम्ही वल्ही मारताना भसाभसा श्वास घेता, अंगात हवा पेटते, तसा आतून गंज चढतो. म्हणून दमता, म्हणून अंग ठणकतं. त्यावर उपाय आहे. अँटीऑक्सिडंट. आवळा, लिंबू, पेरू, नाहीतर सी जीवनसत्त्व."

मी तेव्हा सांगलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मी ओसरीच्या कोपऱ्यात उभी राहून ऐकलं. डॉक्टर चुकीचं काही बोलले नव्हते, आमच्या पुस्तकातही साधारण हेच होतं.

पण आमचं गाव कुठलीही गोष्ट साधारण करत नाही. घरोघरी पाळी लावून आवळ्याचा रस निघू लागला. भूपालकाकांना तो लांबलचक शब्द झेपेना, म्हणून त्याची 'अंटी' झाली. "अंटी घेतली का रे?" असं ते पोरांना काठावरून ओरडून विचारायचे. गंज निघतोय म्हटल्यावर सराव दुप्पट झाला. सराव दुप्पट झाल्यावर पोरं मेल्यासारखी पडू लागली. पडू लागली म्हटल्यावर आणखी अंटी. मळीवाडीची पोरं सहा वर्षं ढाल नेत होती, त्यामुळे थांबायचं नाव कुणी काढेना.

शेवटी शर्यत तोंडावर आली तेव्हा कुणीतरी बाटलीची गोष्ट काढली. खेड्यात सलाईनच्या बाटलीवर लोकांची जेवढी श्रद्धा असते तेवढी देवावर नसते. पोटात घेतलेलं हळू लागतं, बाटलीतलं थेट रक्तात जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. क्लबानं डॉक्टरांना गळ घातली. डॉक्टर आधी नको म्हणाले, मग बरं म्हणाले.

मी दिवस मावळायच्या आत श्रेणिकचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. आम्ही जैन, अंधार पडल्यावर जेवत नाही. आत सगळी होडीच आडवी पडली होती. कुणी खाटेवर, कुणी सतरंजीवर. बाटल्या खिळ्यांना, खिडकीच्या गजांना, एक तर कॅलेंडरच्या जागी टांगलेली. ट्रेमध्ये फोडलेल्या इंजेक्शनांचा ढीग पडला होता.

"एवढी?" मी डॉक्टरांना विचारलं.

"अगं, जीवनसत्त्व आहे, विष न्हवे," ते म्हणाले. "जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं."

श्रेणिक खिडकीशी पडला होता. मला बघून म्हणाला, "त्रिशे, गप उभी ऱ्हा. गंज उतरायलाय, खरखर ऐकू येतीया."

"डोक्यातला उतरतोय का बघ आधी."

"तो उतरला तर तुझा भाऊ कोण म्हणणार मला?"

तिकडून दुसरा कुणी ओरडला, "कोरड्याला दोन बाटल्या लावा, डॉक्टर!" सगळे हसले. श्रेणिकही हसला. मग त्यानं मान वळवून खरोखरच विचारलं, "लावता का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी त्याला आणखी अर्धी लावली.

दुसऱ्या दिवशी तो लाल झाला.

संध्याकाळी वल्हं खांद्यावर घेऊन घरी आला. एरवी वल्हं क्लबातून हलवू देत नाहीत, लाल झालेल्याला मात्र एक दिवस घरी न्यायची मुभा असते. दांड्याला कोरा करकरीत लाल रुमाल बांधला होता. आप्पा जोत्यावर बसले होते. त्यांनी त्या रुमालावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मोऱ्हक्या, जेवून घ्या."

आप्पा कधी कुणाला अहो-जाहो करत नसत. श्रेणिक उभ्या जागी विरघळला. त्याचा तो चेहरा मला आजही नीट आठवतो. माझ्या आयुष्यात इतकं सुखी माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही.

पण जेवला नाही. दोन घास खाऊन पाणी प्याला आणि भिंतीला टेकला. माडीवर झोपायला जाताना जिन्यात मध्येच थांबला.

"काय रे?"

"दम लागला."

"तीन पायऱ्यांनी? मोऱ्हक्याला?"

"गप गं," म्हणाला आणि कठडा धरून वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. शर्यत त्याच्या दुसऱ्या दिवशी. श्रेणिक तोंड धुवायला आला, तशी आईनं त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवलं.

"वर बघ."

"आई, सोड की."

"वर बघ म्हणते ना!"

त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळद कालवल्यासारखा पिवळा होता. ओठ मात्र पांढरेफटक. आईनं हात काढला आणि हळूच विचारलं, "सकाळी कसली झाली?"

"काळपट," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडा अभिमानच होता.

आई सरळ आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "अहो, ह्याला मिरजेला न्यायला पायजे. आत्ता."

"उद्या शर्यत हाय."

"माझ्या पारीसाचं असंच झालं होतं."

पारीसमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मी त्याला फक्त फोटोत पाहिलेला. तो तरणाताठा कावीळ होऊन गेला एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या सकाळी आईनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. "थंडीताप आला होता. सरकारी माणसांनी गोळ्या वाटल्या. घरात समद्यांनी खाल्ल्या, कुणाला काय झालं न्हाई. ह्याला कोऱ्या चहासारखी लघवी झाली, डोळे पिवळे झाले, मग दम लागला. बैलगाडीत घातला आन् वाटेतच... तुमास्नी ठाव हाय."

"तुझ्या भावाला कावीळ झाली होती," आप्पा म्हणाले. "हिथं पोरगं लाल झालंय. दोन्ही एक करू नगंस. शुभ बोल जरा."

"मी अशुभ बोलाले? डोळे बघा की त्याचे!"

"बघितले. जागरणानं झालेत."

श्रेणिक मधे पडला. त्यानं आईचे दोन्ही हात धरले. "आई, उद्याचा एक दिवस. परवा म्हणशील तिथं येतो. मिरजेला, मुंबईला, कुठं बी. तीन वर्षं मी काय काय ऐकून घेतलंय ते तुला ठाव न्हाई. उद्या मी पुढं बसणार हाय, आई. एवढं बसू दे."

"जिता ऱ्हायलास तर पुढल्या वर्षी बस."

"पुढल्या वर्षी दुसरा कुणी लाल हुईल."

मी म्हटलं, "श्रेणिक, गाडीनं जाऊन रक्त दाखवून येऊ. दुपारपर्यंत परत येशील."

तो माझ्याकडं असा बघायला लागला जणू मी मळीवाडीची आहे. "आन् डॉक्टरांनी नको म्हटलं तर? तू मारतीस का वल्हं?"

आई विभूत्यांच्या दवाखान्यात गेली. कुलूप होतं, डॉक्टर लग्नाला कोल्हापूरला गेले होते. दुपारपर्यंत ती त्या पायरीवर बसून राहिली. परत आली ती सरळ कामाला लागली. श्रेणिक माडीवर झोपला होता, इतका गाढ की मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे का पाहिलं.

मग आईनं वल्हं लपवलं. हे मला संध्याकाळी कळलं. क्लबात वल्हं परत न्यायची वेळ झाली आणि ते कुठं सापडेना. श्रेणिक वेड्यासारखा घरभर फिरला. आप्पांनी एकदा फक्त आईकडं पाहिलं. आई चुलीपुढं पाठ करून बसली होती, भाकऱ्या थापत होती, पुन्हा पुन्हा तीच भाकरी. आप्पा गोठ्यात गेले. कडब्याच्या गंजीतून लाल रुमालाचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी वल्हं ओढून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि श्रेणिकच्या हातात दिलं.

मला वाटलं होतं आता ती ओरडेल, आडवी पडेल, काहीतरी करेल. ती भाकरी थापत राहिली. जे करता येण्यासारखं होतं ते तिनं करून झालं होतं.

शर्यतीला आई आली नाही. मी घाटावर बायकांच्यात उभी होते. नदी दोन्ही काठांना टेकली होती, पाणी गढूळ, ओढ भयंकर. आमची होडी वळणावरून दिसली तेव्हा मळीवाडीच्या बरोबरीनं होती. पुढं श्रेणिक. लाल रुमाल खालीवर होत होता. त्याचं तोंड मला इतक्या लांबून दिसत नव्हतं, पण वल्हं दिसत होतं, आणि ते एकदाही चुकलं नाही. ताल वाढला. मागच्या पोरांचे आवाज येऊ लागले. निशाणाच्या अलीकडं आमची होडी अर्ध्या अंगानं पुढं सरकली आणि घाटावर जो कल्लोळ झाला तो मी शब्दांत सांगत नाही. मीसुद्धा ओरडत होते. भाऊ पिवळा पडलाय हे मला ठाऊक होतं आणि मी आनंदानं ओरडत होते.

जिंकलेल्या होडीतली पोरं वल्ही आकाशाकडं उभी धरतात. सगळी वल्ही उभी राहिली. पुढचं एक तेवढं पाण्यात तसंच लोंबत राहिलं.

मागच्यांना वाटलं, दमला असेल. होडी काठाला लागली, गर्दी पाण्यात उतरली, त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला. हलगी वाजत होती. खांद्यावर त्याची मान एकदा या बाजूला पडली, एकदा त्या बाजूला. गुलालामुळे कुणाला रंग कळत नव्हता. शेवटी आप्पांनी सुकाणू सोडून पाण्यात उडी टाकली आणि हाका मारत गर्दीत घुसले. तोवर ढालीचे फोटो काढून झाले होते.

मिरजेच्या दवाखान्यात डॉ. मुजावर मॅडम होत्या. त्यांनी श्रेणिकचं रक्त काढलं. नळीत ते ठेवलं तर वर जो भाग पिवळट, स्वच्छ राहायला हवा तोही लालभडक झाला होता. त्यांनी पटापट विचारलं, काय खाल्लं, काय घेतलं, कुठलं औषध. मी बाटल्यांचं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग आईला म्हणाल्या, "ताई, तुमच्या माहेरी कुणाला असं झालं होतं का? एखाद्या भावाला? मामाला?"

आईनं पारीसमामाचं सांगितलं. खोटं बोलणं तिला जमलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

मॅडमनी व्हरांड्यात आम्हाला सोप्या शब्दांत समजावलं. प्रत्येकाच्या रक्तात गंज अडवणारा एक पहारेकरी असतो. पारीसमामाला त्या गोळ्या बाधल्या त्या तो दुबळा म्हणून, आणि श्रेणिकच्या रक्तातही तो जन्मापासूनच दुबळा होता. रोजच्या जगण्यात त्याचं काही अडलं नाही. पण आधी शरीर मोडेस्तोवर ती वल्ही, आणि वर ती बाटली. "थोडं पोटात गेलं तर ते औषध गंज काढतं. एवढं एकदम शिरेत गेलं की तेच गंज चढवतं. तुमच्या-माझ्या रक्ताला ते सोसतं. याच्या रक्ताला नाही सोसलं. रक्तपेशी फुटल्या. त्यात पुन्हा शर्यत. आता मूत्रपिंडं बंद पडताहेत."

"पण हे आलं कुठनं?" आप्पांनी विचारलं.

"हे आईकडून मुलाकडं येतं," मॅडम म्हणाल्या. "यात कुणाचा दोष नसतो. बाटली आणि अतिश्रम टळले असते, तर हा म्हातारा होऊन मेला असता."

मी तिन्ही वाक्यं ऐकली. आप्पांनी पहिलंच ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं आणि तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. बुडणाऱ्याच्या हाताला फळी लागावी तसा तो चेहरा झाला होता.

श्रेणिकला रक्त चढवलं, मशीन लावलं. मधे एक दिवस तो शुद्धीवर होता. खाटेला लटकवलेल्या पिशवीकडं बोट दाखवून म्हणाला, "त्रिशे, आता कसली हाय?"

"काळी."

"म्हंजे लालच्या म्होरची. क्लबाला सांग, पेढ्यावर भागणार न्हाई. बर्फी आणा म्हणावं."

मला रडू आवरेना. तो म्हणाला, "माझं वल्हं उभं न्हाई ऱ्हायलं न्हवं?"

"राहिलं की. मी बघितलं."

"खोटं बोलू नगंस. हातात जोरच नव्हता." मग त्यानं डोळे मिटले. "आईला सांग, तिनं लपवलं त्याचा मला राग न्हाई. नीट लपवायला पायजे होतं, म्हणावं. रुमाल तेवढा सोडून ठेवायचा होता."

ते मी आईला कधीच सांगितलं नाही.

आठवडा काही निघाला नाही.

घरी माणसं भेटायला येऊ लागली. जोत्यावर आप्पा बसायचे, आत आई. मला आतबाहेर करावं लागे, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू यायचं. भूपालकाका आले ते काळेठिक्कर पडले होते, ढाल जिंकल्यापासून अन्न गेलं नव्हतं त्यांना. आप्पांपुढं हात जोडून म्हणाले, "देवगोंडा, आम्ही मारला रे पोराला."

आप्पा म्हणाले, "न्हाई भूपाल. त्याच्या रक्तातच होतं. तिच्या माहेरचं."

भूपालकाकांनी मान वर केली. ते किती हळू आणि किती खोल सुटकेचा श्वास टाकून खांबाला टेकले ते मी उंबऱ्यातून पाहिलं. दोन दिवसांत हे गावभर झालं आणि सगळ्या गावाचा जीव भांड्यात पडला. क्लबानं मारलं नाही, बाटलीनं मारलं नाही, वल्ह्यानं नाही, शर्यतीनं नाही. रक्तातच होतं. विभूते डॉक्टर आले, आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. जाताना जोत्यावर त्यांनाही ते वाक्य मिळालं. महिन्याभरानं दवाखाना पूर्ववत चालू झाला.

बायका त्याहून पुढं गेल्या. "तिला ठाव होतं म्हणे," बस्तीच्या, आमच्या जैन देवळाच्या, पायरीवर एकजण दुसरीला सांगत होती, आणि मी मागं उभी आहे हे तिला दिसत नव्हतं. "तिचा भाऊ तसाच गेलावता. ठाव असून पोराला पाण्यात घातलं." साऱ्या गावात ज्या एका बाईनं नको म्हटलं होतं, तिचं ते नको म्हणणंच तिच्याविरुद्ध पुरावा झालं. मी भांडले, पुष्कळ भांडले. मॅडमचं शेवटचं वाक्य मी आप्पांना दहादा ऐकवलं. ते म्हणायचे, "व्हय, पण आलं कुठनं?" आई मात्र एकदाही बोलली नाही.

पुढं मी मिरजेतच एका लॅबमध्ये लागले. माझंही रक्त तपासून घेतलं. "तुझ्यात अर्धं आहे," मुजावर मॅडम म्हणाल्या. "तुला त्रास नाही. मुलगा झाला तर त्याला येऊ शकतं." स्थळं त्याआधीच यायची बंद झाली होती. आमच्या भागात रक्ताची बातमी टपालाआधी पोचते. लग्न झालं नाही याचं मला दुःख नाही असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही.

आप्पा गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत आईशी ते त्या वल्ह्याबद्दल बोलले नाहीत. क्लबाच्या नव्या होडीला श्रेणिकचं नाव आहे.

या श्रावणात मी सुट्टीला घरी होते. दुपारी दार वाजलं. भूपालकाकांची सून, पद्मा. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा फुललेला.

"काकू, तोंड गोड करा. आमचा पोरगा विराग लाल झाला."

आई आता वाकली आहे. तिनं भिंत धरून उठायला वेळ लावला. पेढा हातात घेतला. आणि मला माहीत होतं ती काय विचारणार.

"कसली झाली? दुधाच्या चहाची, का कोऱ्या?"

"चहाच्या रंगाची झाली की. समद्यांनी बघितली."

"बाटली लावलीया त्याला?"

"समद्यांनाच लावल्यात. दरसाल लावत्यात."

आईनं तिचं मनगट धरलं. "पद्मा, ऐक माझं. त्याचे डोळे बघ उजेडात. त्याला मिरजेला ने. आजच ने. त्रिशला संगं येईल तुझ्या. नवऱ्याला इचारू नगंस, सासऱ्याला इचारू नगंस, उचल आन् ने."

पद्मा वाईट बाई नाही. तिनं आईचा हात हळूच सोडवला, दोन्ही हातांत धरला, थोपटला. तान्ह्या पोराची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "काकू, ते तुमच्यातलं. आमच्यात तसलं काय न्हाई."

ती गेल्यावर आई पायरीवर बसून राहिली. नदीवरून सरावाचा आवाज येत होता. रात्रीही ती झोपली नाही. दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. आई दारात उभी राहून घाटाकडं कान लावत होती, रडण्याचा आवाज येतो का म्हणून. हलगीचा आला. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. विराग खांद्यावर होता, मान ताठ, वल्हं आकाशाकडं उभं, डोळे पांढरे स्वच्छ. त्याला काहीही झालेलं नव्हतं. देवाशपथ, मला बरं वाटलं. आणि त्याच क्षणी असं वाटलं की या गावात आता पुन्हा कधी कुणाला काही सांगता येणार नाही.

आई घरात आली. कालचा पेढा तिनं कोनाड्यातून काढला, फुंकर मारून मुंग्या उडवल्या.

"बघितलंस?" ती म्हणाली. "त्यांच्यात नव्हतंच. आपल्यातच होतं गं ते."

"आई, तसं नाहीये. मॅडम काय म्हणाल्या होत्या, आठव की—"

तिनं ऐकलं नाही. पेढा मोडला, अर्धा स्वतः घेतला आणि उरलेला माझ्या हातावर ठेवला.

"घे," म्हणाली. "तुझ्यात अर्धंच हाय."